बी.एस्सी. सोडू देऊ नका

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुमचे टॉवेलचे माग आहेत आणि थोरली लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. पॉलिन न्यूमन या अमेरिकी न्यायाधीशांविषयी वाचल्यापासून ‘आधी पेटंटची वकील, मग अपिलाच्या कोर्टात न्यायाधीश’ हेच तिच्या डोक्यात आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारता: बी.एस्सी. सोडून तिला पाच वर्षांच्या लॉला घालावं का, आणि या न्यायाधीशपदाची परीक्षा कधी असते?

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण प्रवेशाचे दिवस जवळ आलेत. बी.एस्सी. सोडू देऊ नका. पेटंट एजंट म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने पेटंटचे अर्ज चालवणारा; त्याच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, नुसत्या बी.ए. एलएल.बी.वर ती देता येत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी बी.एस्सी. अर्धवट सोडून लॉला जायला सांगितलं. वकील उत्तम झाला, पण पुढे पेटंटकडे वळायचं म्हटलं तर हातात विज्ञानाची पदवी नव्हती. तो सल्ला माझा होता आणि ते मला अजून सलतं.

न्यूमनबाईंचंच बघा. १९५२ साली येल विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी., मग कंपनीत संशोधन. पेटंट विभागात नोकरी करता करता १९५८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. १९८४ साली पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट या अपील न्यायालयात थेट नेमणूक झाली तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या. रसायनशास्त्र त्यांनी कधी टाकून दिलं नाही.

तेव्हा पदवी पूर्ण होऊ द्या, मग सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. सोलापुरात दयानंद लॉ कॉलेज आहे, त्यासाठी गाव सोडायची गरज नाही. पदवी हातात आली आणि वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की पेटंट एजंटची परीक्षाही देता येईल. दोन पेपर आणि तोंडी; प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. एजंटला पेटंट कार्यालयापुढे काम करता येतं, कोर्टात उभं राहायला वकिलीची सनदच हवी. तिने दोन्ही मिळवावं.

आता दुसरा प्रश्न. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीपदाला परीक्षा नसते, अर्जही नसतो. खालच्या न्यायालयांसाठी परीक्षा असते, आणि मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली लागते. पण पेटंटची अपिलं तिथे जात नाहीत. २०२१ मध्ये त्यासाठीचं वेगळं अपील मंडळ बंद झालं, तेव्हापासून पेटंट कार्यालयाच्या निर्णयावरचं अपील हायकोर्टात जातं. तिथे न्यायमूर्ती व्हायला वकिलांसाठी घटनेच्या कलम २१७ प्रमाणे हायकोर्टातली दहा वर्षांची वकिली ही किमान अट. पुढे कॉलेजियमची, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळाची, शिफारस आणि राष्ट्रपतींची नेमणूक. प्रत्यक्षात बहुतेकांना पंचेचाळिशी गाठावी लागते. हे घडतं मात्र खरं. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह बौद्धिक संपदेच्या वकिलीतूनच २०१७ साली दिल्ली हायकोर्टात न्यायमूर्ती झाल्या.

एवढी वर्षं थांबायचं तर मधलं काम तिला मनापासून आवडायला हवं. ते आवडतं का, याची परीक्षा तुमच्या कारखान्यातच घेता येईल. बाण्याचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो ना? त्या उपकरणाचं वर्णन तिला एकाच वाक्यात लिहायला सांगा. पेटंटचा दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारा भाग, असाच एका वाक्यात लिहितात. उपकरण जुनं आहे, त्याला आता पेटंट मिळणार नाही, पण सरावाला झकास आहे. समजा तिने लिहिलं, ‘ज्यात धागा चाचपणारा काटा आणि माग बंद करणारी कळ आहे’. शेजारच्या कारखानदाराने त्यात एक घंटी वाढवली, तरी तो या दाव्यात सापडतो. तिने ‘फक्त काटा आणि कळ आहे’ असं लिहिलं असेल, तर तोच माणूस घंटी लावून मोकळा सुटतो. एका ‘फक्त’वर अख्खा खटला फिरतो. अशा शब्दावर तास तास घालवताना ती रमली, तर तिची निवड बरोबर आहे असं मी म्हणेन.

सुट्टीत तिला नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्याचा निकाल वाचायला द्या. कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाला पेटंट द्यायचं का, हा वाद होता. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नकार दिला, प्रकरण अपिलात चढत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी तो नकार कायम केला. माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप पुरत नाही, उपचाराचा गुणही वाढायला हवा, असं कोर्टाने धरलं. स्फटिक म्हणजे काय हे तुमच्या लेकीला कुणी समजावून सांगायला नको, आणि पुष्कळ वकिलांपेक्षा ती तिथेच पुढे आहे.

पैशाचं सरळ सांगते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मिळकत बेताची असते, तेवढा आधार तुम्हाला द्यावा लागेल. पुढे पेटंटचे मसुदे सोलापुरात बसूनही लिहिता येतात, कारण अर्ज ऑनलाइनच भरतात. मोठ्या खटल्यांसाठी मात्र मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागेल.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. एक दिवस माग गड्यांवर सोपवून तिला घेऊन जा. मागे बसून एखादं अपील ऐका. साक्षीदार नसतात, आरडाओरडा नसतो. न्यायमूर्ती एखाद्या परिच्छेदावर बोट ठेवून वकिलाला विचारत राहतात. दुपारपर्यंत तिला कंटाळा येतो की ती वहीत काही लिहायला लागते, ते बघा.

आणि काट्या-कळीचं ते वाक्य लिहून झालं की मला पाठवा. शेजारच्या कारखानदाराची वकील म्हणून मी त्याला उत्तर लिहीन. त्यावर तिने माझी बाजू आणि तिची बाजू, दोन्ही वाचून निकाल लिहायचा.