'पियानोची साथ' कुठे लिहावं, कुठे टाळावं

प्रश्न असा आला आहे: व्हायोलिन-चेलोच्या जुन्या रेकॉर्डांबद्दल मराठीत लिहिताना 'पियानोची साथ', 'ऑर्केस्ट्राची साथ' असं लिहिलं तर चालेल का? आणि दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोला (मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेला) 'जुगलबंदी' म्हणावं का?

सोनाटाला (इथे व्हायोलिन-पियानोसारख्या दोन वाद्यांच्या रचनेला) 'साथ' लावू नका, कॉन्चेर्टोला जपून लावा, छोट्या खुलवून वाजवायच्या रचनांना खुशाल लावा. जुगलबंदी मात्र नको.

आपल्याकडे 'साथ' हा शब्द मोघम नाही. पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, गायक थांबला की जागा भरतो; तबलजी ठेका धरून असतो. पुढच्या क्षणी काय गायलं जाणार हे कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून साथीदाराचं निम्मं कसब कानात असतं. सोनाटात दोघांचेही स्वर आधीच लिहिलेले असतात. त्यातही गंमत अशी की व्हायोलिनवादकापुढे फक्त त्याचीच ओळ असते, पियानोवादकाच्या पानावर मात्र दोन्ही वाद्यांच्या ओळी छापलेल्या असतात. अख्खी रचना डोळ्यांपुढे असते ती ज्याला आपण 'साथीदार' म्हणायला निघालो त्याच्या.

कानाने पडताळायचं तर बेथोव्हेनचा 'स्प्रिंग' सोनाटा, ओपस 24 लावा. पहिले 10 बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा लिहिलेला खंड) धून व्हायोलिनकडे आहे आणि पियानो खाली स्वरांची झुळझुळ धरून आहे. इथपर्यंत 'साथ' म्हटलं तर कोणी हरकत घेणार नाही. अकराव्या बारला तीच धून पियानो उचलतो आणि खालचं काम व्हायोलिनकडे येतं. मग साथ कोणाची? 'क्रॉइट्झर' सोनाटात तर पहिले चार बार व्हायोलिन एकटं वाजतं आणि उत्तर पियानो एकटा देतो. 1805 साली तो छापला तेव्हा बेथोव्हेनने मुखपृष्ठावर पियानोचं नाव आधी घातलं, व्हायोलिनचं नंतर, आणि पुढे 'जवळजवळ कॉन्चेर्टोच असावा अशा शैलीत' अशी पुस्तीही जोडली.

इतिहास तर उलटाच आहे. 1764 साली पॅरिसमध्ये छोट्या मोझार्टचे पहिले सोनाटा छापले गेले ते 'हार्पसिकॉर्डसाठी, व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील असे' या मथळ्याने. म्हणजे साथ व्हायोलिनची, आणि तीही ऐच्छिक!

तरीही कानाला पियानो 'मागे' वाटतो, याचं एक कारण ध्वनिमुद्रणात आहे. मायक्रोफोन व्हायोलिनच्या जवळ आणि पियानोचं झाकण जेमतेम उघडलेलं, असं मुद्रण केलं की बरोबरीचा वादक पडद्याआड जातो. दुसरं कारण आवरणावरची अक्षरं: व्हायोलिनवादकाचं नाव ठळक, पियानोवादकाचं बारीक. लिहिणाऱ्याने त्या छपाईचं अनुकरण करायचं कारण नाही. व्हायोलिनवादक क्रायस्लर आणि पियानोवादक-संगीतकार रखमानिनोव्ह यांनी 1928 साली बेथोव्हेन, शूबर्ट आणि ग्रीग यांचे सोनाटा एकत्र मुद्रित केले. 'क्रायस्लर यांना रखमानिनोव्ह यांची साथ' हे वाक्य छापून पाहा, स्वतःलाच हसू येईल. व्हायोलिनवादक ग्रुमिओ आणि पियानोवादक क्लारा हास्किल यांच्या जोडीचंही तेच. ग्रुमिओने तर एका रेकॉर्डवर मोझार्ट आणि ब्राह्म्सच्या सोनाटांमध्ये व्हायोलिन आणि पियानो दोन्ही स्वतःच वाजवून एकावर एक मुद्रित केलं आहे. म्हणून 'व्हायोलिन: अमुक, पियानो: तमुक' किंवा साधं 'अमुक आणि तमुक' असं लिहावं.

कॉन्चेर्टोत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. (उच्चार 'कॉन्सर्टो' नव्हे. इटालियनमध्ये 'ए'पूर्वीच्या 'सी'चा 'च' होतो, तोही 'चेहरा'तला. आपण 'चेलो' म्हणतो तो याच नियमाने.) पागानिनीच्या कॉन्चेर्टोंमध्ये व्हायोलिनच्या कसरती चालू असताना ऑर्केस्ट्रा बहुतेक वेळ बाजूला सरून ठेका धरतो. तिथे 'साथ' शोभते. पण बेथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत वादक 88 बार गप्प उभा असतो आणि तेवढ्यात ऑर्केस्ट्रा सगळा मालमसाला मांडून मोकळा होतो. ब्राह्म्सच्या कॉन्चेर्टोतल्या दुसऱ्या भागाची धून आधी ओबो या सनईसारख्या वाद्याला मिळते. ओबो वाजत असताना हातात व्हायोलिन धरून उभं राहायला व्हायोलिनवादक सारासाते तयार नव्हता, असं सांगतात. मेंडेल्सोनच्या ई मायनर कॉन्चेर्टोत (पहिला प्रयोग लाइपझिग, 1845) फासा पुरता उलटतो. पहिल्या भागातली दुसरी धून बासरी आणि क्लॅरिनेट वाजवतात आणि मुख्य वादक खाली मोकळ्या तारेचा 'जी' हा स्वर धरून ठेवतो, म्हणजे चक्क खर्ज भरतो. पुढे कॅडेन्झाच्या (मुख्य वादकाला कसब दाखवायला दिलेल्या भागाच्या) शेवटी ऑर्केस्ट्रा मूळ धून घेऊन परततो तेव्हाही व्हायोलिन उसळत्या गजाने त्याला साथच करत असतं.

म्हणून कॉन्चेर्टोच्या नोंदीत 'सह' किंवा 'सोबत' बरं. उदाहरणार्थ: 'एल्गार, व्हायोलिन कॉन्चेर्टो. व्हायोलिन यहुदी मेन्युहिन, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह, संचालन एल्गार, 1932.' आत वर्णन करताना मात्र नेमक्या जागी 'साथ' जरूर वापरा. याच रचनेच्या शेवटच्या भागात कॅडेन्झा चालू असताना ऑर्केस्ट्रातली तंतुवाद्यं बोटांनी तारा छेडत मागे हलका झंकार ठेवतात. त्याला दुसरा शब्दच नाही.

क्रायस्लरच्या छोट्या रचना, मैफल संपल्यावर आग्रहास्तव वाजवले जाणारे तुकडे, यांत पियानो बहुतेक वेळ आधाराचे स्वर देतो. तिथे बेधडक 'पियानोची साथ' लिहावं.

'जुगलबंदी'ला माझा विरोध याच कारणाने आहे. जुगलबंदीत एकाने टाकलेली जागा दुसरा तिथल्या तिथे उचलतो. बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोत असं काहीच तिथल्या तिथे घडत नाही. व्हायोलिनवादक हायफेट्झने 1946 साली तर दोन्ही व्हायोलिनं एकट्यानेच वाजवून मुद्रित केली. स्वतःशी जुगलबंदी कशी होणार? 'दुहेरी कॉन्चेर्टो' पुरेसं आहे. रविशंकर आणि मेन्युहिन यांच्या 1967 च्या रेकॉर्डला हा शब्द शोभतो, आणि तिला ग्रॅमी मिळाला तो चेंबर म्युझिकच्या विभागात!

त्रयी (ट्रिओ) आणि चौकडीत (क्वार्टेट) हा वाद उद्भवतच नाही. प्रत्येक ओळीला एकच वादक असतो, संचालक नसतो आणि सगळे बरोबरीचे असतात.

जाता जाता 'एकलवादन'. कॉन्चेर्टोच्या वादकाला 'एकल वादक' म्हणण्याची पद्धत दिसते, पण शंभर माणसांपुढे उभा असलेला माणूस एकल कसा? 'मुख्य वादक' म्हणा. 'एकल व्हायोलिन' हा शब्द बाखच्या सहा रचनांसारख्यांसाठी राखून ठेवावा. त्यांच्या 1720 च्या हस्तलिखितावर बाखने स्वतःच 'खालच्या स्वरांच्या साथीविना' असं लिहून ठेवलं आहे.