कोर्टाची नवी बिल्डिंग एवढी काचेची कशाला?

प्रश्न : मी एका केसमध्ये साक्षीदार होते. जुन्या इमारतीत अख्खा दिवस बाहेरच्या बाकावर काढला आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं होतं तो माणूस समोरच्याच बाकावर, आत जायच्या आधीच मला घाम फुटला. आता नवी कोर्टं काचेची, मोठ्या लॉबीची बांधतात, फोटो बघते. हा नुसता दिखावा की माझ्यासारखीला खरंच फरक पडतो?

उत्तर : पडतो, आणि तुम्ही लिहिलंय ना तेच कोर्टाच्या डिझाइनमधलं सगळ्यात अवघड काम आहे. लोकांना वाटतं आर्किटेक्ट आधी खांब आणि भव्य पायऱ्या काढत असेल, पण प्लॅन सुरू होतो येण्याजाण्याच्या वाटांपासून. चांगल्या नव्या कोर्टात तीन वाटा वेगळ्या असतात, लोकांची, जजची आणि कोठडीतून आणलेल्या आरोपीची, दारं वेगळी, जिने-लिफ्ट वेगळे, आणि तिन्ही एकत्र येतात त्या फक्त कोर्टरूममध्ये. पण तुमची अडचण तेवढ्याने सुटत नाही, कारण जामिनावर सुटलेला आरोपी किंवा समोरची पार्टी लोकांच्याच दारातून येते आणि तुमच्याच कॉरिडॉरमध्ये बसते. म्हणून साक्षीदारांसाठी वेगळी खोली हवी आणि तिथून कोर्टरूमपर्यंत स्वतंत्र वाटही हवी, आणि हे प्लॅनमध्येच ठरायला हवं. नंतर कुठलीतरी रेकॉर्ड रूम रिकामी करून केलेली खोली बहुतेक वेळा भलत्याच टोकाला असते, आणि बाहेर पडलं की परत तोच कॉरिडॉर!

आता काच. फ्रान्समध्ये बोर्दोला रिचर्ड रॉजर्स यांनी डिझाइन केलेलं कोर्ट १९९८ साली पूर्ण झालं, तिथे लाकडी पट्ट्यांनी मढवलेल्या, मोठ्या नासपतीच्या आकाराच्या सात कोर्टरूम काचेच्या भिंतीमागे उभ्या आहेत, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात. न्याय बंद दारामागे होत नाही हे सांगायची ही पद्धत मला मनापासून पटते. पण जी काच लोकांना आत बघू देते तीच घाबरलेल्या साक्षीदाराला उघडं पाडते, म्हणून वाट बघायच्या खोलीची खिडकी लॉबीकडे नको, आतल्या चौकाकडे किंवा झाडांकडे हवी.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते जोहान्सबर्गचं संविधान न्यायालय. जुन्या तुरुंगाच्या आवारात ते २००४ साली सुरू झालं. खटल्याची वाट बघणाऱ्या कैद्यांना ज्या इमारतीत डांबायचे ती पाडली आणि तिच्याच विटा कोर्टरूमच्या भिंतीत लावल्या. लॉबीतले खांब तिरके आहेत, झाडाखाली बसून निवाडा करायच्या तिथल्या जुन्या पद्धतीची आठवण म्हणून. कोर्टरूममध्ये एक लांब आडवी काच आहे, तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात, म्हणजे माणूस कोण ते कळत नाही पण लोक आहेत हे विसरताही येत नाही.

प्रश्न : माइक असूनही कोर्टरूममध्ये मागे काही कळत नाही. छत उंच असल्यामुळे का?

उत्तर : छत उंच आणि त्यात भिंती, फरशी सगळं टणक, मग आवाज घुमतच राहतो आणि माइक तो घुमलेला आवाजही मोठा करतो. चंदीगडच्या हायकोर्टात (१९५५) आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांच्यासमोर हाच प्रश्न होता, उघड्या काँक्रीटच्या त्या कोर्टरूममध्ये त्यांनी भिंतभर विणलेले पडदे लावले, मुख्य न्यायाधीशांच्या दालनात १४४ चौरस मीटरचा आणि बाकी आठ दालनांत ६४-६४ चौरस मीटरचे, रंगांसाठी होतेच पण आवाज शोषायलाही. तुमच्याकडे निदान मागच्या भिंतीला आवाज शोषणारे पॅनल लावायला सांगा, जजसमोरून निघालेला आवाज तिथेच आपटून परत येतो. आणि सुनावणी चालू असताना घरघरणारा एसी बंद करून बघा, कधी कधी अर्धी तक्रार तिथेच मिटते.