इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीत मुलाने 'लाइफसेव्हिंग क्लब' जॉइन केला आहे, हे नेमकं काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा मुलगा नागपूरहून एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेलाय. तिथे त्याने युनिव्हर्सिटीचा लाइफसेव्हिंग क्लब जॉइन केला. हा खेळ आहे की जीवरक्षकाची नोकरी? जिवाला धोका आहे का? आपल्याकडे असं काही असतं का?"

धोक्याचं आधी सांगून टाकते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असणार. सराव बंदिस्त, कोमट पाण्याच्या टँकमध्ये होतो, काठावर पगारी लाइफगार्ड बसलेला असतो, आणि पाण्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवायच्या तयारीत असतो. बुडायला याहून गैरसोयीची जागा मिळणार नाही. रात्री नऊला ओल्या केसांनी बसस्टॉपवर उभं राहणं, ही काळजीची गोष्ट आहे.

मी २०११ मध्ये शिकायला तिकडे गेले आणि वर्षभर अशाच एका क्लबात होते. गेले कशी, तर पोहता येतं या घमेंडीवर. काटोलजवळच्या गावी आजोबांच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकले होते, नंतर अंबाझरीजवळच्या नागपूर सुधार प्रन्यासच्या टँकवर दर उन्हाळा काढला होता. वाटलं, गोऱ्यांच्या टँकमध्ये आपण भाव खाऊ. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "एवढ्या थंडीत काहून पाण्यात उतरून राहिली बे तू?" प्रश्न रास्त होता.

आता खेळ काय ते. याला लाइफसेव्हिंग स्पोर्ट म्हणतात. नोकरी वेगळी. नोकरीसाठी तिकडे लाइफगार्डचं एक प्रमाणपत्र लागतं, ते दोन वर्षं चालतं. क्लबातली बरीच मुलं ते काढतात आणि टँकवर पार्टटाइम काम करतात. तुमच्या मुलानेही काढलं तर हरकत नाही, फक्त स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, तेवढं त्याने सांभाळावं.

खेळात नुसतं वेगाने पोहून भागत नाही. एका शर्यतीत २०० मीटर पोहताना आठ वेळा पाण्यातल्या अडथळ्याखालून बुडी मारून जायचं असतं. एकीत २५ मीटर पोहायचं, तळाशी पडलेला प्लास्टिकचा पुतळा वर काढायचा आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवून उरलेलं अंतर कापायचं. एकीत १२ मीटरवर पाण्यात असलेल्या जोडीदाराकडे दोरी फेकून त्याला ओढून आणायचं. पायात फिन्स घालून पुतळा ओढायच्या शर्यती आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या वेगळ्या, त्यात वाळूत पालथं पडून, शिट्टी वाजताच उठून पळत जाऊन छोटा झेंडा पटकवायचीही एक आहे. ती बघायला लंगडीइतकीच मजेदार वाटते. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ नाही, पण वर्ल्ड गेम्समध्ये १९८५ पासून आहे.

पण विद्यापीठांच्या क्लबांचा जीव अडकलेला असतो तो वेगळ्याच स्पर्धेत. सिम्युलेटेड इमर्जन्सी रिस्पॉन्स कॉम्पिटिशन, म्हणजे बनावट अपघातात वाचवायची स्पर्धा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे 'सर्क' म्हणतात. चौघांची टीम. तुमची पाळी येईपर्यंत तुम्हाला एका खोलीत कोंडून ठेवतात, आत काय मांडलंय ते दिसू नये म्हणून. दार उघडतं, समोर टँकमध्ये कोणी ओरडतंय, कोणी गटांगळ्या खातंय, काठावर कोणाचा तरी हात 'मोडलाय', एक जण मध्येच येऊन "माझी बॅग कुठंय" विचारतोय. तुमच्याकडे दोन मिनिटं. परीक्षक वही घेऊन उभे.

माझी पहिली सर्क मी अजून विसरले नाही. दार उघडलं, सगळ्यात मोठ्याने ओरडणारा पोरगा मला दिसला आणि मी थेट सूर मारला. विहिरीची सवय. त्याने नेमून दिलेल्या भूमिकेप्रमाणे माझ्या गळ्यात मिठी मारली आणि मला खाली नेलं. मी सुटेपर्यंत शिट्टी झाली. परीक्षक बाई खूप शांतपणे म्हणाल्या की जो ओरडतोय त्याला श्वास मिळतोय. मग त्यांनी तळाकडे बोट दाखवलं. तिथे पुतळा पडला होता, पूर्ण दोन मिनिटं. माझ्या टीममधल्या एकाच्याही नजरेस तो पडला नव्हता, कारण बाकीचे तिघं मलाच सोडवायला धावले होते.

पाण्यातल्या माणसांच्या चार तऱ्हा तिथे शिकवतात: थकलेला पण पोहणारा, अजिबात न पोहणारा, जखमी आणि बेशुद्ध. थकलेला हाका मारतो, तुमचं ऐकतो. त्याला काठावरूनच "पाय मार, इकडे बघ, इकडे ये" म्हटलं की बरेचदा तो स्वतःच येतो. न पोहणारा उभा असतो पाण्यात, तोंड वर, हात बाजूला, आणि आवाज नाही. सिनेमात दाखवतात तसं हात हलवून "वाचवा" म्हणायला त्याच्याकडे हवाच नसते. तो काही सेकंद असा राहतो आणि खाली जातो. मी फुटाळा तलावावर, कन्हान नदीवर लहानपणापासून इतकी माणसं पाण्यात पाहिली होती, पण हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग क्रम ठरलेला. आधी ओरडून सांगा. मग काठी, ओढणी, जे असेल ते पुढे करा. मग दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेका. मग पाय टेकत असेल तिथवरच चालत जा. होडी असेल तर होडी. पोहत जाणं सगळ्यात शेवटी, तेही हातात तरंगणारं काहीतरी घेऊन, म्हणजे तो त्याला मिठी मारेल, तुम्हाला नाही. क्लबचं नाव लाइफसेव्हिंग, आणि निम्मा वेळ शिकवतात काय, तर उडी मारू नका! मला सुरुवातीला हा भित्रेपणा वाटला होता.

इतिहास तुम्ही विचारला नाही, पण थोडा सांगते, कारण हा खेळ शर्यतीतून आलेला नाही. १८९१ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री नावाच्या पोहणाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक सोसायटी काढली. लोक नद्या-कालव्यांत बुडून मरत होते आणि वाचवायला जाणारेही सोबत जात होते. तिला १९०४ मध्ये 'रॉयल' हे बिरूद मिळालं. सुरुवातीच्या काळात ही मंडळी आधी जमिनीवर, कोरड्या कपड्यांत, रांगेत उभी राहून कवायत करायची: एकाने बुडणारा व्हायचं, दुसऱ्याने गळ्यातली मिठी सोडवायची. आपल्या शाळेतल्या पी.टी.सारखं. पुढे ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यांवर हेच लोण गेलं. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर १९०७ पासून क्लब आहे आणि ६ फेब्रुवारी १९३८ ला तिथे एकाएकी आलेल्या लाटांनी शेकडो लोक आत ओढले गेले, तेव्हा हजर असलेल्या स्वयंसेवकांनी सुमारे अडीचशे जणांना बाहेर काढलं. पाच जण गेले. शर्यती आल्या त्या सराव टिकवण्यासाठी. रोज कोणी बुडत नाही, मग हात चालू कसा ठेवायचा, तर स्पर्धा लावा. आज याची जागतिक संघटना आहे, १९९३ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र करून झालेली, मुख्यालय बेल्जियममध्ये. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या क्लबांची वेगळी संघटना आहे, तिची वर्षभर लीग चालते. मुलगा दर काही आठवड्यांनी शनिवारी भलत्याच गावी जाऊन येत असेल तर ते यासाठीच.

आता सभासद. तुम्ही मनात धिप्पाड पोरं आणली असतील. आमच्यात कॅप्टन होती केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारी, चष्मा काढला की पलीकडचा काठ न दिसणारी. एक नर्सिंगची आयरिश विद्यार्थिनी, जिला पोहणं यथातथाच यायचं पण जखमीशी बोलण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. सर्कमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त गुण तीच मिळवून द्यायची. हाँगकाँगचा एक मुलगा, त्याच्या शाळेत हे शिकवत होते म्हणून तो आम्हा सगळ्यांच्या पुढे. एक इतिहासाचा विद्यार्थी फक्त बुडण्याच्या अभिनयासाठी यायचा, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि नागपूरची मी, जिला दोरी फेकता येत नव्हती.

या क्लबांची एक गंमत म्हणजे तीन-चार वर्षांत सगळी माणसं बदलतात. जुनं कोणी उरतच नाही. आपल्याकडे आखाड्यात वस्ताद असतो, गणेश मंडळात निदान एक काका असतात ज्यांना १९८० साली मंडप कुठे होता ते पाठ असतं. तिथे कॅप्टन, खजिनदार, सामानाचा प्रमुख, सगळे विशी-बाविशीतले, दरवर्षी निवडणुकीने नवे. आमच्या क्लबचा इतिहास टँकमागच्या एका लोखंडी कपाटात मावत होता: रंग उडालेले पुतळे (एकाचं नाव पडलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही), दोऱ्यांची पिशवी, जुन्या स्पर्धांच्या ढाली आणि कोणाच्या तरी अक्षरातली एक वही, ज्यात कुठली दोरी गुंतते आणि कुठल्या परीक्षकाला बडबड आवडत नाही असली माहिती होती. जुने सभासद मात्र वर्षानुवर्षं स्पर्धांना परीक्षक म्हणून परत येतात, बुडणाऱ्यांच्या भूमिका करायला येतात. वस्ताद म्हणावं तर तेच.

आपल्याकडे काय? राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी पुण्यात आहे, ती जीवरक्षकांचे कोर्स घेते. कोलकात्यात रवींद्र सरोवराच्या काठी फार जुना लाइफसेव्हिंग क्लब आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, म्हणजे शंभरी उलटलेलं, आणि शहरात अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, गोरेवाडा असे तलाव. पण मी शिकले त्या आणि आता शिकवते त्या, दोन्ही कॉलेजांत पोहण्याची टीम पाहिली, वाचवण्याची नाही. पोळ्याच्या करीला पोरांचे घोळके झिल्पी तलावाला, कन्हानला जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं: मित्राला वाचवायला दुसराही उतरला. मी ते वाक्य वाचलं की मला माझा तो पहिला सूर आठवतो. देशात वर्षाला ३८ हजारांच्या आसपास माणसं बुडून मरतात.

आणखी एक, ज्यावरून माझे घरी वाद झालेत. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून, पालथं घालून, खांद्यावर घेऊन गरागरा फिरवून पाणी काढायची आपल्याकडची पद्धत सोडा. त्यात वेळ जातो, आणि त्याला हवा आहे ती हवाच. श्वास नसेल तर तिथे शिकवतात ते असं: आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हेच चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी फोन करायचा, आपल्याकडे १०८ ला. माझे काका अजूनही म्हणतात की गावात फिरवून एक जण जगला होता. जगला असेल.

हे सगळं मला एकदाच कामी आलं, ते पण पोहून नाही. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, गणपतीचे दिवस, काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडली आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पहाटे पाणी शिरलं. आमच्या गल्लीत ते कमरेएवढं होतं आणि चांगलंच ओढत होतं. समोरचे काका फाटकाला धरून कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले. आमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा, जिमवाला, शर्ट काढून निघाला. मी त्याच्या पॅंटचा पट्टा धरला, अगदी अक्षरशः, आणि म्हटलं थांब. पाण्याखाली उघडी गटारं, विजेचा करंट, काय काय असेल. जिन्यावरून दोरी फेकली. पहिली तोकडी पडली. ओली दोरी भराभर गोळा करून दुसऱ्यांदा माणसाच्या डोक्यापलीकडे नेम धरायचा असतो, म्हणजे ती खांद्यावर येऊन पडते, तशी पडली. काकांना ओरडून सांगितलं, अंगाला बांधू नका, नुसती धरून बसा, यायचं नाही. वाहत्या पाण्यात बांधलेली दोरी माणसाला खाली खेचते. ते तास-दीड तास तसेच बसले, आम्ही इकडून बोलत राहिलो, मुख्यतः त्यांच्या फ्रिजबद्दल. पाणी उतरलं तसे ते स्वतःच चालत आले. जिमवाला माझ्यावर चार दिवस रागावलेला होता.

मुलाला पुढच्या फोनवर विचारा की त्याला दोरी किती लांब फेकता येते. तो किती वेगात पोहतो हे तो न विचारता सांगेलच.

आणि तुम्हाला घरी ठेवायला दोरी घ्यायची असेल तर नायलॉनची घेऊ नका, ती बुडते. पॉलिप्रॉपिलीनची तरंगते. इतवारीत दोरीवाल्याला "तरंगणारी द्या" म्हटलं की तो आधी हसतो. तुकडा मागा, बादलीत टाकून पाहा, मग १५-२० मीटर घ्या.