उद्या सबमिशन, आज जागरण?

प्रश्न : सकाळी जर्नल द्यायचं आहे, सहा प्रयोग बाकी आहेत. रात्रभर जागू का? – एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जागा, पण पूर्ण रात्र नको. आकडेमोड आणि आलेख बारापूर्वी उरका. पहाटे दशांशचिन्हं हमखास चुकतात. उद्दिष्ट, साहित्य, कृती हे हातकाम नंतर. चहा दहापर्यंतच, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात. 3 ते 4:30 झोपाच. झोपेचं एक चक्र अंदाजे 90 मिनिटांचं असतं. गजर लावलेला मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. उठल्यावर 15-20 मिनिटं डोकं जड राहील, तेव्हा फक्त आकृत्यांना नावं द्या. कॉलेजला मात्र एसटीनंच जा. जागरणानंतर दुचाकीवर डुलकी लागते, आणि ती सांगून येत नाही.