पहिली मॉक्युमेंटरी करतोयस? आधी हसवणं विसर

गावच्या हौशी नाटकमंडळीवर मॉक्युमेंटरी (माहितीपटाच्या थाटातला काल्पनिक, विनोदी सिनेमा) करायची म्हणतोस, झकास! कॅमेरा, माईक, एडिटिंगचं नंतर बोलू. आधी दिग्दर्शक क्रिस्तोफर गेस्टचा 'वेटिंग फॉर गफमन' (१९९६) हा सिनेमा दोनदा बघ. दुसऱ्यांदा न हसता. जमलं तर!

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं ब्लेन नावाचं काल्पनिक गाव. गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून संगीतनाटक बसवतात. नट कोण? दातांचा डॉक्टर, ट्रॅव्हल एजंट जोडपं. आणि न्यूयॉर्कहून गफमन नावाचा मोठा माणूस प्रयोग बघायला येणार, या एका आशेवर सगळे हवेत. यातल्या एकालाही आपण विनोदी आहोत हे माहीत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- विनोद लिहून काढतात. गेस्ट आणि सहलेखक यूजीन लेव्ही यांनी प्रसंगांचा आराखडा केला, संवाद नट उत्स्फूर्तपणे बोलले. तूही प्रत्येकाला फक्त 'याला काय हवंय' एवढंच सांग.
- नट कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावतात. (माझ्या पहिल्या प्रयत्नात सगळेच मिचकावत होते. फुकट गेले दोन रविवार.)
- गावाची टर उडवतात. वाईट नट दाखव, पण त्याची नाटकाची ओढ खरी असू दे.

शूट भरपूर कर, कापताना दया दाखवू नकोस. सुरुवात तालमीतल्या चहाच्या सुट्टीपासून कर. रुसवेफुगवे तिथेच सापडतात.