गोल्फ मॅनेजमेंटची पदवी घेऊन या क्षेत्रात करिअर होतं का?

होतं, पण हा कोर्स स्पर्धा खेळणारा गोल्फर घडवण्यासाठी नाही, हे आधी समजून घ्या. अमेरिकेत मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठाने 1975 मध्ये पीजीएच्या (व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकी संघटनेच्या) मान्यतेने असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तिथली पदवी मुळात मार्केटिंगची आहे. शिकवणं, प्रो-शॉप (क्लबवरचं गोल्फ साहित्याचं दुकान), स्पर्धांचं आयोजन, हिशेब, हिरवळीची निगा असं सगळं त्यात येतं. मला सर्वांत मोलाची वाटते ती 16 महिन्यांची इंटर्नशिप. खऱ्या क्लबवर काम करताना कळतं की शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस हेच कामाचे दिवस! खेळण्याची चाचणीही असते, त्यामुळे हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) आत्तापासून सुधारा. लोकांत रमत असाल तर जरूर जा. नुसता खेळ आवडत असेल तर साधी बिझनेस पदवी बरी.