कंपनीचं मानधन सांगायचं राहिलं, आता संपादकांचं पत्र आलं

प्रश्न : रक्तातली साखर मोजणाऱ्या एका उपकरणावरचा माझा शोधनिबंध गेल्या वर्षी छापून आला. निबंध पाठवण्याच्या दीड वर्ष आधी मी ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा सल्लागार होतो, मानधनही घेतलं होतं. तरी ‘हितसंबंध नाहीत’ असं लिहून दिलं. आता संपादकांनी खुलासा मागितलाय. कंपनीशी गोपनीयतेचा करार आहे. गप्प राहिलो तर?

उत्तर : गप्प राहू नका. मानधन घेणं गैर नव्हतं आणि त्यामुळे तुमचे निष्कर्षही आपोआप खोटे ठरत नाहीत. अडचण त्या सही केलेल्या ओळीची आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नमुना मागच्या ३६ महिन्यांतले संबंध विचारतो. तुमच्या नियतकालिकाने कोणता नमुना भरून घेतला होता, तो आधी काढून वाचा. या उपकरणाच्या आकड्यावर माणसं इन्सुलिनचा डोस ठरवतात. निबंध लिहिणाऱ्याचा कंपनीशी व्यवहार होता हे त्यांच्या डॉक्टरांना कळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

करारातली ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या शब्दन् शब्द वाचा. तिथे बहुधा उपकरणाची रचना, चाचण्यांचे आकडे, किमती असतात. ‘मी यांचा सल्लागार होतो’ एवढं वाक्य त्यात येतंच असं नाही. येत असेल तर कंपनीकडे लेखी परवानगी मागा आणि तोवर संपादकांकडून मुदत घ्या. परवानगी नाकारली, तर करार घेऊन वकिलाला भेटा. पण ‘संबंध नाही’ असं पुन्हा लिहून देऊ नका.

निबंध मागे घेतला जाईल ही भीती मी समजू शकतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांचा १९९८चा निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला, पण तिथे लपवलेल्या पैशापलीकडेही गंभीर गैरप्रकार होते. ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था संपादकांना प्रकाशनातल्या नीतिनियमांबद्दल सल्ला देते; तिच्या मार्गदर्शनानुसार संपादक आधी लेखकाला विचारतात, आणि लेखकाने मान्य केलं की सहसा दुरुस्ती छापतात.

पत्र चार ओळींचं पुरे : कंपनीचं नाव, कामाचं स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, आणि या अभ्यासाला तिचा पैसा होता की नाही. ‘नजरचुकीने राहिलं’ हे खरं असेल तरच लिहा. पत्र सहलेखकांना आधी दाखवा, कारण दुरुस्ती त्यांच्याही निबंधाला चिकटणार आहे. जुने ई-मेल पुसू नका. आणि तक्रार कुणी केली हे शोधत बसू नका. तुमचा एक फोनसुद्धा पुढे धमकी म्हणून मांडला जाऊ शकतो.